वेषांतरापासून ओळखीपर्यंत : मराठी रहस्यकथेतल्या दग्याचा आढावा

परभणीहून जिंतूरकडे निघालं की वाटेत झरी लागतं. माझं लहानपण या गावात गेलं. १९७३ साली मी शाळेत होतो आणि त्या वर्षी दिवेलागण झाली की आई आम्हाला ओसरीवरूनही आत घ्यायची. कारण विचारलं तर एकच शब्द सांगायची : मानवत. मानवत आमच्याच जिल्ह्यातलं, कापसाच्या बाजारपेठेचं गाव. तिथे बायका आणि लहान मुली मारल्या जात होत्या आणि मारणारा हाती लागत नव्हता. मोठी माणसं दबक्या आवाजात बोलायची, त्यात एक वाक्य फिरून फिरून यायचं : मारणारा बाहेरचा नाही.

त्याच दिवसांत थोरल्या भावाने परभणीहून भाड्याने आणलेली बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं मी चोरून वाचत होतो. त्यातला खुनी मुखवटा घालून यायचा. त्याला पकडणारा झुंजारही वेष पालटून जायचा. शेवटी मुखवटा ओढला की सगळं उलगडायचं. पुस्तक मिटून झोपताना मात्र मला भीती वाटायची ती मुखवटा नसलेल्या माणसाची.

मराठी रहस्यकथा, गुन्हेकथा आणि हेरकथा यांत फसवणूक आणि चुकीच्या जागी ठेवलेला विश्वास हा विषय कसा आला, त्यावर काय वाद झाले आणि आज ते कुठे येऊन थांबले आहेत, याचा हा आढावा. रहस्यकथेबद्दल लिहिताना ‘खून कोणी केला’ या प्रश्नाचीच चर्चा बहुतेक वेळा होते. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो : मेलेल्याने दार कोणाला उघडलं? मी या दुसऱ्या प्रश्नाच्या बाजूने सगळ्या वाटचालीकडे पाहणार आहे.

जुनी वाट : हेर, तोतया आणि ठग

हेरगिरीची शिस्तशीर मांडणी आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस अशी हेरांची वर्गवारी तिथे केली आहे. विद्यार्थी, संन्यासी, शेतकरी, व्यापारी, तपस्वी. ज्यांच्यावर समाज डोळे मिटून विश्वास ठेवतो, नेमके तेच वेष हेरासाठी निवडले आहेत. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त चाणक्य युद्ध करत नाही. राक्षसाच्या भोवती मित्र म्हणून वावरणारी आपली माणसं पेरतो आणि त्याच्या बाजूचा एकेक खांब काढून घेतो. हरि नारायण आपट्यांनी ‘चंद्रगुप्त’ कादंबरीसाठी हाच काळ निवडला, त्यामुळे हे कारस्थानाचं जग आधुनिक मराठी गद्यात लवकर आलं.

मराठेशाहीच्या इतिहासातून दोन गोष्टी मराठी मनात खोल रुजल्या. एक बहिर्जी नाईक. सुरतेवर १६६४ साली स्वारी झाली त्याआधी शहराची बित्तंबातमी बहिर्जीने आणली असं सभासदाची बखर सांगते. दुसरी गोष्ट तोतयाची. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, पण ते गेले यावर पुष्कळांचा विश्वास बसला नाही. काही वर्षांनी एकजण ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला, त्याच्यामागे माणसं गोळा झाली, किल्ले हाती आले आणि १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शासन झालं. न. चिं. केळकरांनी १९१३ साली ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं ते यावरच. या प्रकरणात मला महत्त्वाचं वाटतं ते असं : तोतया यशस्वी होतो तो त्याच्या हुशारीने फार थोडा. माणसांना भाऊ परत यायला हवे होते. फसवणुकीचं निम्मं काम फसणाऱ्याच्या आशेनेच केलेलं असतं.

तिसरा धागा थेट निजामाच्या मुलखातला. फिलिप मेडोज टेलर हा इंग्रज निजामाच्या नोकरीत होता. पुढे नळदुर्गला त्याचं वास्तव्य झालं, आजच्या धाराशिव जिल्ह्यात. १८३९ साली त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लंडनला निघाली. अमीर अली हा ठग स्वतःच आपली हकिकत सांगतो. ठगांची रीत अशी की वाटेत प्रवाशांना गाठायचं, सोबत चालायचं, एकत्र जेवायचं, चोराचिलटांपासून आम्ही तुमचं रक्षण करू असा भरवसा द्यायचा आणि विश्वास पुरता बसला की गळ्यात रुमाल टाकायचा. वसाहतीच्या नजरेने लिहिलेली म्हणून या कादंबरीवर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. ठगीचं चित्र इंग्रजांनी आपल्या राज्याच्या समर्थनासाठी फुगवलं, असं अनेक इतिहासकार मानतात. तरीही दख्खनच्या रस्त्यांवर घडणारी, विश्वासघात हाच गाभा असणारी एवढी मोठी गुन्हेकथा त्याआधी दुसरी माझ्या माहितीत नाही.

वेष पालटण्याचा काळ

मराठी कादंबरीचा आरंभच कारस्थानांनी भरलेला आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची. पुढे गोविंद नारायण दातारशास्त्र्यांनी ‘बंधुद्वेष’, ‘कालिकामूर्ती’ अशा कादंबऱ्यांतून इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या लंडनी रहस्यांची चटक मराठी वाचकाला लावली. या पुस्तकांत भुयारं, चोरदरवाजे, हरवलेले वारस आणि खोटी नावं यांची रेलचेल आहे. विश्वासघात त्यात पुष्कळ, पण तो करणारा पहिल्या प्रकरणापासून वाचकाला ठाऊक असतो. फसतात ती पात्रं, वाचक नाही.

वाचकालाही फसवायचं, हा खेळ मराठीत घरोघरी नेला तो बाबूराव अर्नाळकरांनी. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. मुंबईत गिरगावात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग भोगलेला हा माणूस हजारावर पुस्तकं लिहून गेला. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही नावं त्या काळच्या पोरांना पाढ्यांसारखी पाठ होती. छोट्या आकाराची, स्वस्त कागदावरची ही पुस्तकं एस.टी.च्या पिशवीतून खेड्यांत पोचली. कथांवर इंग्रजी पुस्तकांची छाया होती हे कुणी लपवलेलं नाही. त्यातलं मुंबईचं मध्यरात्रीचं धुकंही कधी कधी लंडनचंच वाटतं.

अर्नाळकरी जगात वेषांतर दोन्हीकडून चालतं. गुन्हेगार फसवतो आणि नायकही फसवतो. काळापहाड तर कायद्याच्या नजरेत गुन्हेगारच. वाचकाचं मन मात्र एका ठिकाणी पक्कं असतं : नायक आपला आहे. नायकावरचा विश्वास या कथांत कधी डळमळत नाही. ॲगाथा ख्रिस्तीने १९२६ साली ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’मध्ये गोष्ट सांगणाऱ्यालाच खुनी ठरवलं तेव्हा इंग्रजी वाचक खवळले होते. पुढे १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्सने रहस्यकथेचे दहा नियम लिहून काढले, वाचकाशी सचोटीने वागावं म्हणून. मराठीत वाचक आणि लेखक यांच्यातल्या या कराराची चर्चा त्या काळात फारशी झाली नाही.

अर्नाळकरांनंतर गुरुनाथ नाईकांनी बाराशेच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. २०२१ मध्ये ते गेले. त्यांचा कॅप्टन दीप हा लष्करी हेर म्हणजे मराठी हेरकथेचं सर्वांत परिचित नाव. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास उभे केले आणि भाषेला कॉलेजच्या कट्ट्यावरचा वेग दिला. ‘दुनियादारी’ लिहिणारा लेखक हाच, हे पुष्कळांना चित्रपट आल्यावर कळलं. दिवाळी अंकांपैकी ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांनी गूढ आणि रहस्यकथेला मानाचं पान दिलं. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांनी भीती हवेल्यांतून उचलून चाळीतल्या दोन खोल्यांत आणली. मतकरींना एरवी रहस्यकथाकारांच्या रांगेत बसवत नाहीत, पण घरातल्या माणसाचा संशय येणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला आधी त्यांच्याकडून कळलं असं माझं मत आहे.

मराठवाड्याच्या बाबतीत एक गोष्ट या इतिहासात सहसा नोंदली जात नाही. इथे निजामी राजवटीत शाळा-कचेऱ्यांची भाषा उर्दू होती. झरीसारख्या गावांतली आमच्या वडिलांची पिढी उर्दू शिकलेली. त्यांच्यातल्या पुष्कळांना इब्ने सफी ठाऊक होता. अलाहाबादहून १९५२ पासून निघालेली ‘जासूसी दुनिया’, त्यातले कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद, नंतरचा बावळटपणाचं सोंग घेणारा इम्रान. इम्रानला सगळे मूर्ख समजतात आणि तेच त्याचं हत्यार. मराठी रहस्यकथेचा वंशवृक्ष काढताना फक्त इंग्रजी फांदी काढली तर आमच्या भागातल्या वाचनाचं चित्र अर्धंच राहतं.

लखोबा

८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग झाला. माधव काझी या भामट्याच्या गाजलेल्या खटल्यावर ते बेतलेलं. मो. ग. रांगणेकरांचं दिग्दर्शन, फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकर पाच रूपांत. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे कधी लष्करी कॅप्टन होतो, कधी महाराज. कोर्टात एकेक साक्षीदार येतो, आपली हकिकत सांगतो, रंगमंच फिरतो आणि ती हकिकत घडते.

हे नाटक रहस्यनाट्य नाही. लखोबाच भामटा आहे हे प्रेक्षकाला पहिल्या पंधरा मिनिटांत कळतं. तरी ते या आढाव्याच्या मधोमध ठेवावं लागतं, कारण मराठी मनाने फसवणुकीचा विचार ज्या नावाने करायला सुरुवात केली ते नाव लखोबा आहे. आजही एखाद्या भामट्याची बातमी आली की मथळ्यात लखोबा येतो. या नाटकाबद्दल दोन मतं आहेत. एक असं, की लखोबाच्या चातुर्यावर प्रेक्षक इतका भाळतो की फसलेल्या बायकांचं दुःख मागे पडतं आणि टाळ्या भामट्याला मिळतात. दुसरं मत असं, की नाटकाचा रोख फसवणाऱ्यापेक्षा फसणाऱ्या समाजावर आहे : पोरीचं लग्न एकदाचं उरकावं ही घाई, पगाराचा आकडा, गणवेश, जात आणि गोड बोलणं एवढ्या भांडवलावर माणसं आपल्या मुली परक्याच्या हाती देतात. मी दुसऱ्या मताकडे झुकतो. लखोबाला वेष फक्त पाच लागतात, कारण समोरच्यांच्या इच्छाही तेवढ्याच ठरावीक आहेत.

पडद्यावर राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ १९६४ साली आला. पत्नी मेली आहे असं मानणाऱ्या वकिलासमोर तिच्याच चेहऱ्याची बाई आरोपी म्हणून उभी राहते. हिंदीत त्याचा ‘मेरा साया’ झाला. इथे प्रश्न नवऱ्याच्या विश्वासाचा होता, तोही स्वतःच्या डोळ्यांवरच्या विश्वासाचा. पुढे दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ने पोलीस तपासाची शिस्त दाखवली आणि १९९९च्या ‘बिनधास्त’ने मैत्रिणींमधल्या भरवशाची परीक्षा घेतली.

हेरकथा मराठीत का रुजली नाही

याची तीन उत्तरं दिली जातात. पहिलं व्यवहाराचं. परराष्ट्र खातं, दूतावास, गुप्तचर संस्था हा सगळा कारभार दिल्लीचा आणि इंग्रजीचा. मराठी लेखकाला त्याची आतली माहिती नसते, म्हणून त्याचा हेर ऐकीव माहितीवर चालतो. दुसरं उत्तर परंपरेचं. मराठीत हेर आहे, पण तो ऐतिहासिक कादंबरीत जाऊन बसला आहे. तिथे शत्रूला चकवणं म्हणजे गनिमी कावा, त्याला दगा म्हणत नाहीत. त्यामुळे हेराच्या मनाला बोचणी लागत नाही. तिसरं उत्तर असं, की वाचकाची भूक अनुवादांनी आणि सत्यकथनांनी भागवली. रवि आमले यांचं ‘रॉ’वरचं पुस्तक ज्या आवडीने वाचलं गेलं ते पाहता कुतूहलाची कमतरता नाही हे दिसतं.

जॉन ल कारे यांची ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ १९६३ ची. त्याच वर्षी जानेवारीत किम फिल्बी हा ब्रिटिश गुप्तचर खात्यातला एकेकाळचा वरिष्ठ अधिकारी मॉस्कोला पळाला. वर्षानुवर्षं सोबत जेवणाऱ्या सहकाऱ्यांना त्याचा संशय आला नव्हता किंवा आला तरी त्यांनी तो मनावर घेतला नव्हता, कारण तो त्यांच्याच शाळांतला, त्यांच्याच क्लबातला माणूस. ल कारे यांच्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’मध्ये हीच जखम आहे. हेरकथेचा गाभा इथे बदलला. शत्रू सीमेपलीकडून टेबलाच्या पलीकडे आला.

तीन उत्तरांपैकी मला दुसरं जास्त पटतं. आपल्या स्वकीयाने शत्रूला खबर दिली, या अनुभवाला मराठीत फितुरी हा सडेतोड शब्द आहे आणि तो इतका सडेतोड आहे की फितुराच्या मनात शिरण्याची वाटच बंद होते. खरं पाहता निजामाविरुद्धच्या लढ्यात मराठवाड्याने हा अनुभव जवळून घेतला आहे. १९३८चा सत्याग्रह, ऑगस्ट १९४७ नंतरची भूमिगत चळवळ, सरहद्दीवरची शिबिरं, रझाकारांचा धुमाकूळ आणि सप्टेंबर १९४८ची पोलीस कारवाई. या काळात गावागावात कोण कोणाला खबर देतो यावर माणसांचे जीव अवलंबून होते. अनंत भालेरावांच्या ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथात त्या लढ्याचा विस्तृत इतिहास आहे. घटना आहेत, माणसं आहेत, पण पोलीस ठाण्याला बातमी देणाऱ्या आणि संध्याकाळी त्याच देवळाच्या पारावर बसणाऱ्या माणसाची कादंबरी मराठी हेरकथेने लिहिली नाही.

आजच्या हेरगिरीचं रूपही पालटलं आहे. मे २०२३ मध्ये पुण्यातल्या डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. पाकिस्तानी हस्तकाने स्त्रीच्या नावाने समाजमाध्यमांवरून संपर्क साधला आणि गोपनीय माहिती काढून घेतली, असा आरोप आहे. खरंखोटं न्यायालय ठरवील. कथालेखकाच्या दृष्टीने लक्षात घ्यायचं ते एवढंच, की या प्रकारात हेराला ना विमानाचं तिकीट लागतं ना खोटी दाढी. समोरच्याचं एकटेपण पुरतं.

मानवत : खरी प्रकरणं आणि गोष्टीची गरज

सध्या सर्वांत जिवंत वाद खऱ्या गुन्ह्यांवर बेतलेल्या कथांचा आहे आणि त्याचं केंद्र आमच्या जिल्ह्यात आहे.

मानवतच्या हत्या १४ नोव्हेंबर १९७२ ला सुरू झाल्या आणि जानेवारी १९७४ पर्यंत चालल्या. दुष्काळाची वर्षं ती. स्थानिक तपास अडला तेव्हा मुंबई गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांना पाठवण्यात आलं. १९६८ साली मुंबईतल्या रमण राघव या खुन्याचं प्रकरण तडीस नेणारे तेच हे अधिकारी. तपासातून पुढे आलं ते गुप्तधन आणि संततीसाठी नरबळी असं कारण. कुलकर्णींनी पुढे आपल्या आठवणींच्या इंग्रजी पुस्तकात हे प्रकरण लिहिलं आणि त्यावरून आशिष बेंडे दिग्दर्शित ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आली. आशुतोष गोवारीकरांनी कुलकर्णींची भूमिका केली.

मालिका पाहून गेलेल्या प्रेक्षकाच्या मनात प्रकरण सुटल्याचं समाधान राहतं. न्यायालयातला इतिहास मात्र इतका सरळ नाही. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने १९७७ साली त्याचा निकाल लागला. सूत्रधार म्हणून ज्या दोघांकडे बोट दाखवलं गेलं होतं त्यांच्यावरचा कट शेवटी सिद्ध झाला नाही, ते सुटले. प्रत्यक्ष हत्यांसाठी दोषी ठरलेल्यांपैकी काहींना फाशी झाली. हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात तो वेगळ्याच कारणासाठी. माफीच्या साक्षीदारावर किती विश्वास ठेवायचा, याचं विवेचन त्यात आहे. गुन्ह्यात सामील असलेला माणूस स्वतःची मान सोडवण्यासाठी दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्याची साक्ष कायद्याने वर्ज्य नाही, पण महत्त्वाच्या तपशिलांत तिला स्वतंत्र पुराव्याचा आधार हवा. दंडाधिकाऱ्यांसमोरचे कबुलीजबाब नोंदवताना नियम पाळले गेले का, हेही न्यायालयाने कसून पाहिलं.

म्हणजे मानवतमध्ये विश्वासाचा प्रश्न तीन वेळा येतो. मुलींनी आणि बायांनी कोणाच्या हाकेला ओ दिली, हा पहिला. धनाच्या आशेने माणसांनी मांत्रिकाच्या शब्दावर विश्वास ठेवला, हा दुसरा. आणि ज्याने इतका मोठा विश्वासघात केला त्याच्याच तोंडच्या शब्दावर न्यायालयाने विसंबायचं का, हा तिसरा. थरारकथा पहिल्या दोन प्रश्नांशी उत्तम वागते. तिसऱ्यापाशी ती अडखळते, कारण तिला शेवट हवा असतो.

इथून तीन भूमिका फुटतात. एक म्हणते, अशा कथा हव्यात. मानवतची आठवण पुसली गेली असती तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा कशासाठी लागला हे नव्या पिढीला कळलं नसतं. दुसरी भूमिका त्या गावांची. एखाद्या गावाचं नाव गुन्ह्याला चिकटलं की तिथली पोरं परगावी शिकायला गेली तरी ते त्यांच्या मागे येतं. बळी पडलेल्यांचे नातेवाईक आजही त्याच गल्ल्यांत राहतात. तिसरी भूमिका कायद्याची : न्यायालयाने ज्यांना सोडलं त्यांना पडद्यावर दोषी दाखवायचं का? काल्पनिक नावं घेतली तरी प्रेक्षक जुळवायचं ते जुळवतोच. मला तिसरा आक्षेप सर्वांत जड वाटतो. त्यावर उपाय म्हणून निकाल पडद्यावर दोन ओळींत लिहून दाखवणं पुरेसं नाही. ती शंका गोष्टीच्या अंगात आली पाहिजे.

पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाचंही असंच झालं. १९७६-७७ मध्ये कलामहाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी आधी आपल्याच महाविद्यालयातल्या मुलाला गाठलं. त्याने ओळखीच्या पोरांवर विश्वास ठेवला होता. नोव्हेंबर १९८३ मध्ये चौघांना येरवड्यात फाशी झाली. या प्रकरणावर बेतलेल्या १९८६ च्या चित्रपटाचं नावच ‘माफीचा साक्षीदार’. आरोपींपैकी एकाने तुरुंगातून लिहिलेलं ‘येस, आय ॲम गिल्टी’ हे आत्मकथन वाचकांनी मोठ्या संख्येने वाचलं. गुन्हेगाराच्या पश्चात्तापावर वाचकाने कितपत विश्वास ठेवावा, हा वाद तेव्हा सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

अलीकडचं उदाहरण ‘देवमाणूस’. झी मराठीवर २०२० मध्ये सुरू झालेली ही मालिका सातारा जिल्ह्यातल्या, वाई परिसरात २०१६ साली उघडकीस आलेल्या प्रकरणावर बेतलेली. गावातला डॉक्टर, ज्याला माणसं देव म्हणतात, तोच मारणारा. लखोबापासून देवमाणसापर्यंत किती अंतर कापलं गेलं हे इथे दिसतं. लखोबा नाव बदलतो, गाव बदलतो, टोपी बदलतो. देवमाणूस एका गावात, एका नावाने, एका दवाखान्यात बसतो. त्याला वेष लागत नाही, कारण गावाने त्याला दिलेली ओळख हाच त्याचा वेष आहे. रात्री-बेरात्री औषध देणारा माणूस म्हणून ज्या भरवशाने दार उघडलं जातं, त्याच दाराने तो आत येतो. खेड्यात डॉक्टर मिळणं किती कठीण आहे हे ज्यांना माहीत आहे त्यांना या गोष्टीची धार वेगळी लागते. मालिका लांबत गेली तसा गुन्हेगारच लाडका होत गेला, ही टीकाही खरी आहे.

साहित्य की करमणूक

हा जुना वाद आता थकला आहे. एका बाजूचं म्हणणं असं की ठरावीक साच्याची, महिन्याला दोन-चार या गतीने लिहिलेली पुस्तकं वाङ्मय होऊ शकत नाहीत. दुसऱ्या बाजूचं असं की याच पुस्तकांनी मराठीत वाचणारा वर्ग तयार केला, पुढे तोच वर्ग इतर साहित्याकडे वळला. दोन्ही बाजूंनी पुस्तकं नीट न वाचता बोललं गेलं असं वाटतं. ‘ड’ वर्गातल्या ग्रामीण वाचनालयांत ही पुस्तकं सर्वांत जास्त हाताळली गेली आणि म्हणूनच सर्वांत आधी फाटून रद्दीत गेली. ज्यावर वाद घालायचा तो मजकूरच हाताशी उरत नाही.

न सुटलेलं

काही प्रश्न उघडे आहेत. रहस्यकथेचं लेखन बहुतांशी पुरुषांनी केलं आणि मरणारी बहुतेकदा बाई राहिली. विश्वास ठेवून फसलेल्या बाईच्या नजरेतून गोष्ट सांगणारी मोठी मराठी गुन्हेकथा अजून यायची आहे. दुसरा प्रश्न जागेचा. मानवत, वाई ही नावं बातम्यांतून कथेत आली, तपास करायला मात्र माणूस मुंबई-पुण्याहूनच येतो. बाहेरून आलेला हुशार अधिकारी आणि अंधश्रद्ध गाव, ही जोडी सोयीची आहे आणि ती गावाला न्याय देत नाही.

तिसरा प्रश्न मला सर्वांत जवळचा. आज आमच्या भागात माणूस फसतो तो गुप्तधनापायी क्वचित. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत मल्टिस्टेट पतसंस्थांमध्ये हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. फोनवरून पोलीस असल्याचं भासवून ‘डिजिटल अटक’ दाखवणारे भामटे वेगळे, ते लखोबाचेच वंशज : गणवेश, दरारा आणि घाई. पतसंस्थेतली फसवणूक दुसऱ्या जातीची. तिथे ठेव घ्यायला घरी येणारा एजंट बहुधा भाचा असतो, साडू असतो किंवा मुलीचा शाळेतला मास्तर. त्याने स्वतःच्या आईचेही पैसे तिथेच ठेवलेले असतात. तो फसवणारा की फसलेला, हे त्यालाही सांगता येत नाही. सोयाबीनचे आलेले पैसे, म्हातारीच्या पाटल्या मोडून आलेले पैसे, पोरीच्या लग्नासाठी बाजूला काढलेले पैसे त्याच्या हातावर ठेवताना कोणी पावती नीट वाचलेली नसते. पावती मागणं म्हणजे नात्यावर अविश्वास दाखवणं.

या गोष्टीत प्रेत नाही, म्हणून थरारकथाकार तिच्याकडे वळलेले नाहीत असं कोणी म्हणेल. मला अडचण निराळी दिसते. अशा गोष्टीत शोध घेणारा कोण असेल? झुंजार गावात शिरला तर त्याला कोणी काही सांगणार नाही. मुंबईहून आलेल्या अधिकाऱ्याला कागद मिळतील, पण भाच्याने दारात चप्पल काढताना मामीने आतून चहाचं आधण ठेवलं होतं, हे कागदावर नसतं. ते माहीत असणारी एकच व्यक्ती आहे, ती मामी. तिला भाच्याविरुद्ध साक्ष द्यायची आहे आणि दिवाळीला त्याला ओवाळणारी तिचीच मुलगी शेजारच्या खोलीत ऐकते आहे.